स्टेरॉइडची गोळी: सुरू करताना विचारा, बंद करतानाही विचारा

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेल्या जागा तेवढ्या काढल्यात, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणा नाही, मी एकटाच आहे. विषय घरचा आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या चुकीचा आहे. बरेच दिवस बोलू की नको असं चाललं होतं. पण मागच्या महिन्यात एका मित्रानं फोनवर अगदी तीच चूक अभिमानानं सांगितली, तेव्हा ठरवलं की आता बोलायचंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअर लिहितो. काम पुण्याच्या कंपनीचं, पण बसतो वाशीममध्ये, घरी. आज मी औषधांची नावं आणि आकडे सांगणार आहे. ते ऐकून कुणी स्वतःची मात्रा ठरवायची नाही. तुमच्या हातातल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं समजावं म्हणून ते आकडे.

आजीची पुडी

माझी आजी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. म्हणजे आपलं वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नाही. आयुष्यभर शेतात राबलेली बाई, त्यामुळे गुडघे गेलेले. खाली बसली की उठायला दोन माणसं लागायची.

मग कुणीतरी तिला आठवडी बाजारात एक माणूस दाखवला. तो कागदाच्या पुड्या द्यायचा. एका पुडीत एक पांढरी गोळी, एक गुलाबी गोळी आणि थोडी पावडर. पाकीट नाही, नाव नाही. 'जडीबुटीचं आहे, साइड इफेक्ट नाही,' असं सांगून द्यायचा. तिसऱ्या दिवशी आजी स्वतःच्या पायांनी उठली आणि निंदायला गेली! आठवड्याभरात शेजारच्या चार बायांनी तिच्याकडून त्या माणसाचा पत्ता घेतला. आजी म्हणायची, "बाप्पा, देवानंच धाडला तो माणूस."

असं जवळपास दोन वर्षं चाललं. या काळात तिचा चेहरा गोल झाला, आम्ही म्हटलं तब्येत सुधारली. हातावर जरा कुठे लागलं की काळेनिळे डाग पडायचे, आम्ही म्हटलं वय झालं. रक्तात साखर निघाली, आम्ही म्हटलं आजकाल सगळ्यांनाच निघते. या तिन्ही गोष्टी कुणी एका ओळीत मांडल्याच नाहीत. मी तर दिवसभर बग शोधणारा माणूस, मीही नाही.

गेल्या दिवाळीत मी गावी गेलो आणि पहिल्यांदा ती पुडी हातात घेऊन पाहिली. मोबाइलवर शोधलं. गोल चेहरा, पातळ कातडी, साखर... सगळं जुळत होतं. पुडीत स्टेरॉइड असणार. माझं डोकं फिरलं. "आजी, तू हे विष खातेस?" असं ओरडलो आणि उरलेल्या सगळ्या पुड्या चुलीत टाकल्या. आजी एवढंच म्हणाली, "मले त्यानंच बरं वाटते रे बाबू." मला वाटलं, चला, आजीला वाचवलं!

दोन दिवसांनी तिला बारीक ताप आला. चौथ्या दिवशी ती उठेना. उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडलं, बोलणं अर्धवट. वाशीमला नेलं तेव्हा वरचा बीपी ऐंशी. सलाइन लावलं, तरी बीपी चढेना. तिथून अकोल्याला. पातूरचा घाट मी शेकडो वेळा ओलांडलाय, पण त्या रात्रीइतका लांब तो कधी वाटला नाही. बाबा गाडीत मागे आजीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. एक शब्द बोलले नाहीत.

अकोल्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: "रोजची कोणती गोळी अचानक बंद केली का?" मी पटकन म्हणालो, "हो, मीच केली." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सिस्टरला हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन भरायला सांगितलं. सोबत सलाइन होतंच. सकाळी आजीनं चहा मागितला.

नंतर डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "पुडी देणाऱ्यानं अर्धी चूक केली. उरलेली अर्धी तुम्ही पूर्ण केलीत."

असं का झालं?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. ती रोज कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक बनवते. म्हणजे हे स्टेरॉइड आपलं शरीर स्वतःच बनवतं. पहाटे-सकाळी जास्त, रात्री कमी. ताप आला, अपघात झाला, ऑपरेशन झालं की शरीर ते कितीतरी पटीनं वाढवतं. बीपी टिकवणं, साखर टिकवणं, सूज आवरणं ही त्याची कामं. ते किती बनवायचं याचा हुकूम मेंदूतून येतो.

घराच्या छतावरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो, तो डोळ्यांपुढे आणा. पाणी कमी झालं की फ्लोट खाली जातो, नळ उघडतो. टाकी भरली की फ्लोट वर, नळ बंद. आता रोज कुणी टँकरनं वरून पाणी ओतत असेल तर? फ्लोट कायम वर. नळ महिनोन्‌महिने बंद. शेवटी तो गंजतो. आणि मग एके दिवशी टँकरवाल्याला हाकलून दिलं! टाकी रिकामी होते, फ्लोट खाली जातो, पण गंजलेला नळ उघडतच नाही.

आजीच्या बाबतीत टँकर म्हणजे पुडी. हाकलणारा मी. आणि त्यात ताप आला, म्हणजे ज्या दिवशी पाण्याची जास्त गरज, नेमक्या त्याच दिवशी टाकी कोरडी.

निरोगी माणसाचं शरीर रोज साधारण ५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं कॉर्टिसोल बनवतं. हा आकडा लक्षात ठेवा. त्याहून जास्त गोळी बरेच दिवस पोटात गेली की आतला नळ बंद व्हायला लागतो.

मग हे औषध विषच का?

नाही. इथेच मी चुकलो होतो. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडॉल यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं. काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये त्या दोघांना आणि टाडेउस राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. सुरुवातीला जगाला वाटलं, चमत्कारच सापडला. पुढे दुष्परिणाम दिसू लागले तसा उत्साह उतरला. मला वाचताना गंमत वाटली. मेयो क्लिनिकमधली ती बाई आणि निंदायला निघालेली माझी आजी, सुरुवात तर अगदी सारखीच!

आज या गोळ्या खूप ठिकाणी जीव वाचवतात. दम्याचा जोराचा झटका आला तर मोठ्या माणसाला साधारण ४० ते ५० मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन, दिवसातून एकदा, पाच ते सात दिवस. एवढा छोटा कोर्स सहसा हळूहळू उतरवावाही लागत नाही. लहान मुलांमध्ये नेफ्रॉटिक सिंड्रोम असतो, लघवीतून प्रथिनं जातात आणि पोराचं तोंड सुजतं. तिथे मुख्य औषध हेच, पण आठवड्यांच्या हिशेबानं, वजन पाहून. ल्युपस, काही प्रकारचा संधिवात, डोळ्यांतली सूज, अवयव प्रत्यारोपण अशी यादी लांब आहे.

एक उदाहरण आपल्या विदर्भाचं. अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन आपल्याला माहीत आहे. कुष्ठरोगात जंतू मारणारी औषधं चालू असतानाही कधी कधी शरीराची प्रतिक्रिया इतकी भडकते की नसा सुजतात, हात वाकडा होतो, पाऊल लुळं पडतं. त्या वेळी वेळेत प्रेडनिसोलोन सुरू केलं तर नस वाचू शकते. साधारण ४० मिलीग्रॅमपासून सुरू करून तीन ते पाच-सहा महिने पायरीपायरीनं उतरवतात. याच गोळीमुळे कुणाचा तरी हात कामाचा राहतो. मग तिला विष कसं म्हणणार?

छोटा आकडा, मोठी गोळी

आता चिठ्ठीवरच्या आकड्यांची एक फसगत. बाजारात प्रेडनिसोलोन वायसोलोन किंवा ओम्नाकॉर्टिल अशा नावांनी मिळतं. मेथिलप्रेडनिसोलोन म्हणजे मेड्रॉल. डेक्सामेथासोन म्हणजे डेक्सोना. बीटामेथासोन म्हणजे बेटनेसॉल. नावं वेगळी, जात एकच. पण ताकद वेगळी.

५ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे जवळपास ४ मिलीग्रॅम मेथिलप्रेडनिसोलोन, आणि तेच म्हणजे फक्त पाऊण मिलीग्रॅम डेक्सामेथासोन. बीटामेथासोनही जवळपास तेवढंच. त्यामुळे 'अर्ध्या मिलीग्रॅमची तर गोळी आहे, लहान मुलालाही चालते' असं कुणी म्हणालं तर थांबा. तशा दोन गोळ्या म्हणजे शरीर दिवसभरात स्वतः बनवतं त्याहून जास्त.

आपल्याकडे अशा गोळ्या भूक लागण्यासाठी, अंगावर मांस चढावं म्हणून, लग्न ठरलेल्या मुलीला 'भरलेली' दिसण्यासाठीही देतात. वजन वाढतं हे खरं. पण ते पाण्याचं आणि चरबीचं. दंडा-मांडीचे स्नायू उलट झिजतात, हाडं ठिसूळ होतात, आणि लहान मुलाची तर उंचीच खुंटते.

२०२१ आठवतंय?

हे सगळं गावातल्या अडाणीपणामुळे होतं, असं शहरातल्या श्रोत्यांना वाटत असेल, तर २०२१ आठवा. दुसऱ्या लाटेची चाहूल आपल्या विदर्भानं आधी पाहिली. फेब्रुवारीत रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून जास्त मुलं पॉझिटिव्ह निघाली, ती बातमी देशभर गेली. पुढच्या दोन महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठ्या फिरू लागल्या. कुणाच्या तरी मेव्हण्याला दिलेली औषधं, दहा घरांत तीच. त्यात डेक्सामेथासोन किंवा मेड्रॉल असायचंच.

आता मूळ संशोधन काय होतं? ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्ये आला. डेक्सामेथासोन ६ मिलीग्रॅम, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमधले एक पंचमांशानं. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना? काही फायदा नाही.

म्हणजे वाक्य एकच, पण त्याला तीन अटी होत्या: कुणाला, किती, किती दिवस. आपण 'डेक्सामेथासोन चालतं' एवढंच उचललं आणि अटी टाकून दिल्या. ताप आल्याच्या पहिल्याच दिवशी, घरच्या घरी, साखर न तपासता गोळ्या सुरू. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी स्टेरॉइडच्या गैरवापराबद्दल जाहीर इशारा दिला. तोवर म्युकरमायकोसिस, म्हणजे तो काळ्या बुरशीचा आजार, पसरला होता. महाराष्ट्र सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत होता. मधुमेह, कोविड आणि वरून बेहिशेबी स्टेरॉइड, हे त्यामागचं मोठं कारण मानलं गेलं. किती जणांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. ज्या औषधानं अतिदक्षता विभागात लोक वाचवले, त्याच औषधानं हे केलं. औषध तेच होतं, हिशेब चुकला होता.

डॉक्टरांनी वहीत लिहून दिलेलं

अकोल्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून वहीत काही गोष्टी लिहायला लावल्या होत्या. त्या जशाच्या तशा सांगतो.

एक. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल सकाळीच जास्त असतं, त्याच्याशी जुळतं. रात्री घेतली तर झोप उडते. रिकाम्या पोटी घेऊ नका.

दोन. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस. चिठ्ठी हातात पडली की विचारा: कशासाठी आहे, किती दिवस आहे, थांबवायची कशी? या तिन्हींची उत्तरं चिठ्ठीवरच लिहून घ्या.

तीन. साधारण तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर अचानक बंद नाही. मोठ्या मात्रेची असेल किंवा वर्षभरात पुन्हा पुन्हा कोर्स झाले असतील, तर त्याहून कमी दिवसांतही डॉक्टरांना विचारूनच थांबायचं. एखादा दिवस गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

चार. साखर आणि बीपी तपासत राहा. या गोळीनं साखर विशेषतः दुपारनंतर आणि जेवणानंतर चढते. त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची तपासणी बरोबर आली म्हणून निर्धास्त राहू नका. बरेच दिवस चालणार असेल तर डोळे दाखवा, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींचा धोका असतो. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. मांडीच्या खुब्यात किंवा जांघेत दुखायला लागलं तर अंगावर काढू नका, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

पाच. सोबत डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका. दोन्ही मिळून पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. पूर्वी टीबी झाला असेल, घरात कुणाला असेल, तर आधी सांगा. दबलेला टीबी या औषधानं पुन्हा उठू शकतो. शिवाय या गोळीमुळे ताप दबतो, म्हणजे आत संसर्ग वाढत असतो आणि बाहेर कळत नाही.

सहा. गोळी बराच काळ चालू असताना ताप आला, ऑपरेशन ठरलं, अपघात झाला तर मात्रा तात्पुरती वाढवावी लागू शकते. डॉक्टरांना लगेच सांगा. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा, इंजेक्शन लागेल.

सात. पाकिटावर नाव नाही ती गोळी घ्यायचीच नाही. मेडिकलमधून 'कटिंग' करून, कागदात बांधून मिळत असेल तर पाकीट मागा आणि बिल मागा. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्यानं परवानगी नाही.

यातलं सहावं वाक्य माझ्या वहीत दोनदा लिहिलंय. दुसऱ्यांदा मीच लिहिलं.

आता आजी कशी आहे?

त्या रात्रीला आठ महिने झाले. पुडीत नेमकं काय होतं, किती होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पुरावा मीच चुलीत घातला होता. एक पुडी जरी ठेवली असती तर डॉक्टरांना मदत झाली असती. मग त्यांनी १० मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनपासून सुरू केलं. काही आठवड्यांनी साडेसात, मग ५. त्यानंतर फारच हळू. मधे एकदा उतरवलं तेव्हा तिला अशक्तपणा आला, म्हणून पुन्हा वर नेऊन दोन महिने थांबलो. सकाळी आठ वाजता रक्तातलं कॉर्टिसोल तपासतात, त्यावरून नळ किती उघडतोय ते कळतं. आता ती अडीचवर आहे. साखर उतरली आहे, चेहरा पुन्हा आजीसारखा दिसतो.

गुडघे दुखतात. ते खोटं सांगणार नाही. पहिले दोन महिने तर तिनं मला खूप बोलून घेतलं, "चालती-फिरती होतो, तू बसवलं मले." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मांडीचे व्यायाम करते, काठी घेते, उंच खुर्चीवर बसते, दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली साधी पॅरासिटामॉल. निंदायला जात नाही.

तिच्या बटव्यात मी एक कार्ड ठेवलंय. त्यावर मराठीत लिहिलंय: स्टेरॉइडची गोळी चालू आहे, अचानक बंद करू नये, ताप-उलटी झाल्यास लगेच डॉक्टर. खाली मात्रा आणि बाबांचा नंबर. परवा शेजारची एक काकू तिला पुन्हा त्या बाजारातल्या माणसाबद्दल विचारत होती. आजीनं बटवा उघडून कार्ड दाखवलं आणि म्हणाली, "आता मले ठाऊक हाय मी काय खातो ते. तुले हाय का?"

मंडळी, या रविवारी एवढं करा. आजी-आजोबांचा बटवा, आईचा गोळ्यांचा डबा, बाबांच्या खिशातली पुडी एकदा बघा. नाव नसलेली गोळी सापडली तर ओरडू नका, फेकूनही देऊ नका. ती पुडी आणि ते माणूस, दोघांनाही सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

मी ओरडलो होतो. म्हणून सांगतोय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.